फोटोत खाली जो पाय दिसतो

पहिल्यापासून सांगा म्हणता, तर पहिल्यापासून सांगतो ताई, पण मधीच त्या फोटोचं काढू नका. कंपनीत कोणी नवीन आलं की तेच, कॅन्टीनमध्ये ताट घेऊन उभं राह्यलं की तेच, अहो बाळासाहेब, तुम्हीच का ते फोटोतले, काय पकड व्हती हो. त्या फोटोनं माझं डोकं उठवलंय. यायचा तवा येईल तो. आधी माझं ऐका.

निफाडच्या पलीकडं, गोदाकाठाला आमचं गाव. ऊस, द्राक्षं, थोडा कांदा, सगळ्यांचं असतं तसंच. मी चार भावंडांत शेवटचा आन् अंगानं सगळ्यात पुढं. आई सांगायची, सुईणीनं मला हातात घेतलं आन् म्हणली, बाई, हे आज जन्मलेलं नाय, हे आधी कुठंतरी महिनाभर जेवून आलंय. शाळेत माझ्या बाकावर दुसरं कोणी बसंना, जागाच उरत नव्हती तर बसणार कुठं. आमच्या मास्तरांना कबड्डीचं लय वेड. त्यांनी मला बघितलं आन् म्हणले, उद्यापासून मैदानावर ये. मला वाटलं आपण आता चढाई करणार, दम घुमवत पलीकडं जाणार, दोघाचौघांना शिवून येणार, लोकं शिट्ट्या मारणार. मास्तर म्हणले, तू कुठं जायचं नाय, तू इथंच उभा राह्यचं. झालं, तिथून पुढं बारा वर्षं मी उभाच.

कबड्डीला वजनाची मर्यादा असते ताई. माणूस काट्यावर चढतो, जास्त भरला की बाद, पुढं बोलायचंच नाय. तालुक्याच्या सामन्याआधी मास्तर आमची वजनं बघायला लासलगावला घेऊन गेले, गावात माणसाचा काटा कुठला, आम्ही आपले कांद्याच्या ट्रॅक्टरवर बसून गेलो. व्यापाऱ्याच्या काट्यावरून कांद्याची गोणी उतरवली आन् मी चढलो. तिथला हमाल म्हणतो कसा, हा माल कोणत्या गावचा? सगळा बाजार हसला. आन् वर मास्तर मला म्हणतात, दोन किलो कमी कर. तिथून जी उपासमार सुरू झाली ती खेळ सुटेपर्यंत. सामना आठ दिवसांवर आला की भाकरी बंद, दोन दोन स्वेटर घालून उन्हात पळायचं, आन् सामना संपला की हाच मास्तर म्हणणार, बाळू, अंगात ताकद नाय दिसली आज. अरे खाऊ दिलंत का मला?

आता माझं काम काय व्हतं ते सांगतो, नीट ऐका, कारण हे कोणालाच समजत नाय, आमच्या घरी सुनीताला सोळा वर्षं झाली अजून समजलेलं नाय. आपल्या बाजूला सात माणसं हातात हात धरून उभी असतात, त्याला साखळी म्हणतात. शेवटाला जो असतो तो कोपरा. समोरच्याचा गडी आला, त्याचा पाय आत पडला की कोपऱ्यानं झेप घ्यायची आन् घोटा धरायचा. धरला, मान्य. पण घोटा धरल्यानं गडी थांबतो काय? तो ओढत जातो, उडी मारतो, हात लांब करून मधल्या रेषेला टेकवतो, मग धरणाराच बाद. तर तो रेषेकडं वळायच्या आत त्याच्या आडवं कोण जातं? कोपऱ्याच्या शेजारचा. छातीनं. गडी सगळ्या जोरानं येऊन तुमच्या बरगडीवर आदळतो, त्याचा गुडघा लागतो, कोपर लागतो, तुम्ही हलायचं नाय. हे माझं काम. ही बघा बोटं, एक तरी सरळ हाय का? हा कान बघा. आन् लाऊडस्पीकरवर काय सांगतात? काय ती दत्तूची पकड, काय तो घोटा! अरे त्या दत्तूच्या पुढं भिंतीसारखा पडलाय तो कोण? त्याला काही नाव गाव?

दत्तू म्हणजे माझा कोपरा. मखमलाबादचा, मळेवाला, घरचा फुलांचा आन् भाजीचा मळा. काटकुळा गडी, पण झेप अशी की डोळा लवायच्या आत घोट्याला. मी बारावी करून सातपूरच्या एका कंपनीत लागलो, कंपनीचं नाव नका लिहू, अजून तिथंच खातोय. खेळाडू म्हणून घेतलं, पण तात्पुरतं. सकाळी मशीनवर, दुपारनंतर मैदानावर. तिथं दत्तू भेटला, तोही तात्पुरताच. मास्तर असते तर म्हणले असते जोडी जमली. त्याचा उजवा हात माझ्या डाव्या हातात, असं आठ वर्षं. बायकोचा हात धरला नसंल एवढा मी त्या माणसाचा हात धरलाय, हसू नका, खरं सांगतो.

आमची एक खूण व्हती. गडी समोर नाचत असतो, बोलायची सोय नाय, बोललं की त्याला कळतं. म्हणून दत्तू माझा हात दाबायचा. एकदा दाबला म्हणजे थांब. दोनदा दाबला म्हणजे मी जातो, तू आडवा ये. बस, एवढंच. आठ वर्षांत कधी चूक नाय. एकदा दाबला की मी खांबासारखा, दोनदा दाबला की हात सोडून रेषेकडं. दाबायचं त्यानं, ऐकायचं मी. सगळ्या टीमला ही खूण माहीत नव्हती, कोचला नव्हती, फक्त आम्हा दोघांना.

लग्नाचं सांगतो. मुलगी बघायला गेलो निफाडलाच, तर सासरे म्हणतात, कबड्डी खेळता म्हणे, चढाई करता? म्हणलं, नाय. मग पकड करता? म्हणलं, तशी पकड नाय. मग काय करता? आता काय सांगू तुम्हाला, त्या माणसानं माझ्याकडं असं बघितलं जसं मी मैदानावर पाणी द्यायला जातो. शेवटी माझा मामा मधी पडला, म्हणला, अहो आमचा बाळू नसला तर टीम उभी राहत नाय. सासरे म्हणले, हां, म्हणजे तंबूचं काम. लग्न झालं, नाय असं नाय, पण अजून दिवाळीला गेलो की म्हणतात, काय जावईबापू, तंबू कसा काय?

पेपरात फोटो यायचे आमच्या टीमचे. दत्तू घोट्याला लटकलेला, गडी हवेत, आन् कडेला एक कोपर. ते कोपर माझं. सुनीतानं एक कात्रण जपून ठेवलंय, पाहुण्यांना दाखवती, हे ह्यांचं कोपर. ठेवायला काही नसतं ना, म्हणून.

तर कायम व्हायची गोष्ट. पाच वर्षं झाली, सात झाली, आठ झाली, आम्ही दोघंही तात्पुरतेच. दरवर्षी ब्रेक द्यायचे, दरवर्षी परत घ्यायचे. घरी पोरगी झालेली, आई आजारी, ब्रेकमध्ये मी गावाला जाऊन दुसऱ्याच्या द्राक्षांवर औषध मारत व्हतो. मग एका वर्षी कळलं, खेळाडूंतून एक जागा कायम भरायचीय. एक. पर्सोनेलच्या साहेबांनी एकेकाला बोलावलं. मी आत गेलो. टेबलावर गुणपत्रकं पसरलेली, सामन्यात टेबलाला बसलेला माणूस लिहितो ना, कोणाच्या चढाया किती, कोणाच्या पकडी किती, ती. साहेब एकेक कागद उलटत गेले, आन् मग चष्मा काढून म्हणाले, बाळासाहेब, बारा सामने आहेत हे, तुमच्या नावापुढे एकही गुण नाही, तुम्ही मैदानात होतात ना?

मैदानात होतात ना! ताई, त्या महिन्यात माझ्या दोन बरगड्या दुखत व्हत्या, मला कूस बदलता येत नव्हती, आन् हा माणूस मला विचारतो मैदानात होतात ना. म्हणलं, साहेब, दत्तूच्या नावापुढं जेवढ्या पकडी हायत तेवढ्या वेळा मी आडवा गेलेलो. साहेब म्हणाले, असेल हो, पण कागदावर यायला हवं, मला वरती कागद दाखवायचा असतो. अजून फायनल बाकी आहे, बघा काही जमलं तर. चांगला माणूस व्हता, वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, शिव्या देऊन मोकळा झालो असतो.

बाहेर दत्तू उभा. म्हणला, काय म्हणले? म्हणलं, काय नाय, जागा तुझीच हाय, कागद भरलाय तुझा. तो म्हणला, मग पुढच्या वर्षी तुझी. सरळ मनाचा माणूस, त्याला खरंच तसं वाटत व्हतं. पण मला माहीत व्हतं ना, पुढच्या वर्षी माझं वय काय आन् माझे गुडघे काय.

फायनल नाशिकलाच व्हती, दुपारची. समोर मुंबईकडच्या एका कंपनीची टीम. त्यांचा एक उंच चढाईवाला व्हता, ताडमाड, पाय टाकला की अर्धं मैदान त्याचंच. दोन्हीकडचे गुण सारखे झाले आन् शेवटची चढाई त्याची आली. तो रिकाम्या हातानं परत गेला असता तर सामना बरोबरीत, मग वाढीव वेळ, आन् दमात आम्ही भारी व्हतो, आम्हीच जिंकलो असतो. तेवढं डोकं दत्तूला व्हतं. तो उंच गडी आला, आमच्या कोपऱ्यासमोर नाचायला लागला, पाय आत टाकतो, काढतो, टाकतो. दत्तूनं माझा हात दाबला. एकदा.

एकदाच. थांब म्हणला तो.

आन् माझ्या डोक्यात काय, तर तो कागद. बारा सामने, तुमच्या नावापुढे एकही गुण नाही. समोर त्याची कंबर दिसली, हाताच्या अंतरावर, मी दत्तूचा हात सोडला आन् घातली मिठी. आठ वर्षांत पहिल्यांदा सोडला असा. तो गडी काय थांबतो? मला पकड करायची सवय कुठली, मी आपला लटकलो, तो मला घेऊन निघाला रेषेकडं, आन् मधी आडवं जायला कोणी नाय, कारण आडवं जायची जागा माझी, आन् मी तर त्याच्या कमरेला. तर दत्तू आला. कोपरा सोडून, माझ्या जागेवर, छाती पुढं करून. त्याचं अंग त्या कामाचं नव्हतं ताई, तो आडवा जायचा माणूसच नव्हता. तो गडी आन् वरून मी, दोघं त्याच्या गुडघ्यावर पडलो. आवाज आला. मी तो आवाज ऐकला, ओली फांदी मोडावी तसा, आन् मग पंचाची शिट्टी आन् लोकांचा गलका, आन् लाऊडस्पीकर. आठ वर्षांत पहिल्यांदा माझं नाव घेतलं त्या लाऊडस्पीकरनं. बाळासाहेबांची कमरेची पकड! मोसमातली सगळ्यात भारी पकड! लोकांनी मला उचललं. मी वरून बघतोय, दत्तू खाली पडलेला, त्याच्याभोवती दोघं बसलेली.

हाच तो फोटो. माझे हात त्या गड्याच्या कमरेला, तोंड उघडं, गडी पडतोय, आन् सगळ्यात खाली एक पाय दिसतो, नुसता पाय, वेडावाकडा. मोठा करून, काचेत घालून, कॅन्टीनमध्ये लावलाय. खाली पितळी पट्टी, त्यावर माझं नाव. जेवताना समोरच दिसतो. मी पाठ करून बसतो तर लोकं म्हणतात, बाळासाहेब लाजतात.

मी कायम झालो. साहेबांनी कागद दाखवला, बघा, आला ना गुण? एक पकड, तीही फायनलची. एक पकड! आन् दत्तूच्या नावापुढं त्या सामन्याच्या शेवटाला काय लिहिलंय, तर काही नाय, कारण आडवं जाणाऱ्याचं लिहीत नाय कोणी. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पण गुडघा पूर्ण वाकतच नाय, मेडिकलमध्ये नापास, तात्पुरतंही गेलं. बारा वर्षं मी धड काम केलं तर माझं कोपर छापलं, आन् एकदा, एकदा घाण केली तर काचेत लावलं. तुम्हीच सांगा, चिडू नको तर काय करू?

दत्तू मळ्यावर बसला. झेंडू, शेवंती, गुलछडी. भाऊ तोडतात, हा बसून हार करतो, बसला की त्याला एकट्याला उठता येत नाय, कोणीतरी हात द्यावा लागतो. आमच्याकडं खंडेनवमीला मशीनची पूजा असते, सगळ्या शॉपला, म्हणजे कारखान्यातल्या एकेका खात्याला, फुलं लागतात. मी पहिल्या वर्षीच सांगून टाकलं, फुलं मखमलाबादहून येतील आन् मीच आणीन. दरवर्षी स्कूटर घेऊन जायचं मनाशी ठरवून, की आज सांगायचं. दत्तू, तू एकदाच दाबला व्हता आन् मी सोडला. जायचो, बसायचो, चहा व्हायचा, त्याची बायको पोहे करायची, पोरांच्या शाळेचं, पाण्याचं, भावाचं बोलणं व्हायचं, आन् मी फुलं बांधून परत. त्याला वाटत असंल खेळात घडलं, कोणाचा दोष नाय, मग आपण कशाला जखम उकरायची, असं मी मला सांगायचो. खोटं. जागा जाईल का, लोकं काय म्हणतील, हेच व्हतं मनात. नऊ दसरे असे घालवले. घरी येऊन सुनीतावर ओरडायचो, ती बिचारी म्हणायची, फुलं आणायला गेले का भांडायला?

दहावा दसरा म्हणजे मागचाच. गेलो. दत्तू गोणपाटावर बसलेला, पुढं पिवळ्या झेंडूचा ढीग, सुईदोरा चाललेला. घरातली सगळी मळ्यात तोडणीला. म्हणला, बाळू, हात दे, गोणी आतून काढून देतो. मी डावा हात पुढं केला, त्यानं उजव्यानं धरला, आन् उठंना. बसूनच राह्यला हात धरून. मी म्हणलं, अरे ऊठ ना. तर त्यानं माझा हात दाबला.

एकदा.

मी थांबलो. तो म्हणला, त्या दिवशी बी एवढाच दाबला व्हता.

म्हणलं, तुला माहीत व्हतं? तो म्हणला, हात कोणाचा व्हता बाळू? कोचला कळलं नाय, पंचाला कळलं नाय, मला पण कळायचं नाय का?

ताई, मला रडू यायला पाहिजे व्हतं, पण मला असा राग आला त्याचा, असा राग. म्हणलं, मग बोलला का नाय भाडखाऊ? दहा वर्षं मी इथं येऊन पोहे खातोय, घास उतरत नाय, बायकोवर ओरडतोय, कॅन्टीनमध्ये पाठ करून बसतोय, आन् तू हार करत बसलास? एक शिवी द्यायची, थोबाडीत द्यायची! तो तसाच हात धरून. म्हणला, तू सांगशील म्हणून थांबलो व्हतो. दरवर्षी वाटायचं, यंदा सांगल. तुझी पोरगी लहान व्हती, आई अंथरुणाला, मला ते काय माहीत नव्हतं का? जागा तुला मिळाली त्याचं मला काय नाय रे. पण तू मला सांगायला पाहिजे व्हतं.

चुकलं म्हणलं. एवढंच निघालं तोंडातून, चुकलं रे दत्तू. डोळ्याला पाणी आलं ते आलंच. तो काय माफ केलं वगैरे म्हणला नाय, तसला माणूस नाय तो. त्यानं हात दाबला, दोनदा, आन् मी ओढून त्याला उभा केला. मग मला म्हणतो, यंदा पिवळी जास्त ने, मागच्या वर्षी तुमच्या शॉपला कमी पडली व्हती.

आता दर रविवारी जातो. फुलांचं निमित्त नाय लागत. तो मला बोलतो अधूनमधून, खवचट बोलतो, काय फोटोवाले, आलात का, आन् मी ऐकून घेतो, तेवढं त्याचं देणं हाय माझ्यावर. त्याचं अंग आता सुटलंय, माझं वाळलंय, त्याची बायको म्हणती, तुमची अदलाबदल झाली.

कंपनीत अर्ज दिलाय मी. त्या पितळी पट्टीवर माझ्या नावाच्या आधी दत्तूचं नाव टाका म्हणून. नवे साहेब म्हणतात, पण पकड तर तुमची आहे, गुणपत्रकात तसंच आहे, रेकॉर्ड बदलता येत नाही. पुन्हा तोच कागद! तीन महिने चाललंय, या टेबलावरून त्या टेबलावर. मी सोडणार नाय. रिटायर व्हायच्या आत नाय झालं तर मी स्वतः खिळ्यानं कोरीन त्या पितळेवर, मग काय करायचं ते करा. चहा घ्या तुम्ही, गार झाला. आन् बाकी काय लिहाल ते लिहा ताई, माझं कोपर लिहा, तंबू लिहा, पण एवढं सरळ लिहा, की खाली जो पाय दिसतो तो दत्तूचा हाय, आन् तो माझ्या जागेवर हाय.